चबाच्या डोळ्यावरची पट्टी

साराफीला जन्मभर धांदरट म्हणून हिणवलं गेलं. पाणी पेल्यात ओतायला जावं तर अर्धं बाहेर, जिना उतरताना शेवटच्या पायरीवर हमखास ठेच. आई तर उठता-बसता म्हणायची, "देवाने रूप दिलं, पण हातापायांत भुसा भरला!"

रूप मात्र खरंच होतं. तिचा डावा डोळा किंचित नाकाकडे कललेला. थायलंडमधल्या आंगथोंग भागातल्या त्यांच्या गावात अशा नजरेवर माणसं जीव टाकतात. आई प्रयोंगचा लिके नावाच्या लोकनाट्याचा फड होता. देवळांच्या जत्रांतून ती नाचगाण्याची नाटकं करायची, आणि साराफी त्या फडाची नायिका. पण एका खेळात प्रेक्षकाने पुढे केलेला फुलांचा हार घ्यायला ती वाकली, अंदाज चुकला आणि सरळ मंचाखाली कोसळली. आईने दुसऱ्याच दिवशी नायिका बदलली. तेव्हापासून साराफी शाळेच्या स्वयंपाकघरात भात रांधते.

तिची चार वर्षांची लेक चबा. तिचाही डावा डोळा तसाच. लहान मुलांच्या डोळ्यांच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी साराफीला समजावलं, "दोन डोळे दोन दिशांना बघतात, मेंदूला दोन चित्रं मिळतात. तो गोंधळतो आणि एक चित्र टाकूनच देतो. मग तो डोळा आळशी होतो. एका डोळ्यावर अंतराचा नीट अंदाज येत नाही. चांगल्या डोळ्यावर रोज सहा तास पट्टी लावा, म्हणजे आळशी डोळ्याला काम पडेल. उशीर केलात तर मग फारसं काही हातात राहत नाही."

साराफीचा हात आपल्या डाव्या डोळ्याकडे गेला. म्हणजे हातापायांत भुसा नव्हता तर!

रोज सकाळी ती चबाला पट्टी लावायची, आईच्या हवाली करायची आणि कामाला जायची. चार महिन्यांनी तपासणी झाली. सुधारणा शून्य.

"पट्टी लावता ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"रोज लावते हो!"

"आजी काढते," चबा खुर्चीवर पाय हलवत म्हणाली. "तू यायच्या आत परत लावते."

साराफीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. घरी पोचताच ती कडाडली, "आई, का काढतेस पट्टी?"

"मग काय करू?" प्रयोंग पान चघळत म्हणाली. "पट्टी लावली की पोर खांबाला धडकते, रडून आकांत करते. नाच कधी शिकणार ती? डॉक्टरांचं काय जातं बोलायला! तुझ्या वेळीही असंच सांगितलं होतं."

"माझ्या वेळी?"

प्रयोंगचं तोंड चघळायचं थांबलं.

"पाच वर्षांची होतीस. दोन दिवस लावली. तू इतकी रडलीस की टाकली चुलीत. आणि काय बिघडलं गं? लोक लांबून यायचे तुला बघायला!"

"आणि मी पडले तेव्हा? तूच मला मंचावरून काढलंस ना? चारचौघांत धांदरट म्हणून?"

"मला काय ठाऊक, त्याचा डोळ्याशी संबंध आहे म्हणून!" म्हातारी पुटपुटली. मग तिनेच आवाज चढवला. "आईवरच उलटतेस? लाज वाटते का?"

भांडून साराफीला आपला डोळा थोडाच परत मिळणार होता.

दुसऱ्या दिवसापासून चबाला शाळेच्या स्वयंपाकघरात आपल्याजवळ बसवायचं तिने ठरवलं. सकाळी नवी पट्टी हातात घेतली तशी चबा आजीच्या कमरेला मिठी मारून किंचाळायला लागली.

"नको! पट्टी लावली की मी घाण दिसते! आजी म्हणते मग कुणी हार घालत नाही!"

"बघ, बघ कशी रडवतेस लेकराला," प्रयोंग म्हणाली. "मी तुला असं कधी रडवलं नाही."

"नाही रडवलंस. तेच चुकलं तुझं."

साराफीने चबाला ओढून घेतलं आणि दोन्ही गुडघ्यांत धरलं. पोरगी नखं मारत ओरडली, "तू वाईट आहेस! मला आजीच हवी! तू नको!"

साराफीने चबाच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी ठेवली आणि तिच्या कडा अंगठ्याने दाबून दाबून बसवल्या.