पाच फुटी रॅम्प

पिकअपच्या मागच्या टोकाला टेकवून ज्याच्यावरून गाडी वर चढवतात, तो लोखंडी रॅम्प मी बोलतोय. लांबी पाच फूट, रुंदी चार. वजन विचारू नका, उचलणारा शिव्या देतो. थोडा वेळ हाताशी आहे, तेवढ्यात सांगून टाकतो.

माझा जन्म नळदुर्गला, हायवेलगतच्या हणमंतप्पांच्या दुकानात. सात फुटी रॅम्प करून उरलेल्या तुकड्यांतून त्यांनी मला जोडलं. अप्पा चौथीपर्यंत शिकलेले, पण रस्त्यावरची गाडी गल्ल्यावरून बघून तिची उंची सांगायचे. गिऱ्हाईक आलं की आधी चहा, मग गोष्ट. लाकडी फळीवरून पॉवर टिलर चढवायला गेलेला एक पाहुणा फळीसकट उकिरड्यात कसा बसला, हे ऐकून माणसं पोट धरून हसायची आणि हसता हसता सात फुटी घेऊन जायची. “उंचीच्या अडीचपट लांबी पायजे, न्हायतर चढ छातीवर येतो,” हे अप्पांचं ठरलेलं वाक्य.

त्या वाक्यामुळंच मला कुणी नेईना. दसऱ्यापासून दारात उभा होतो. येता-जाता अप्पांना ठेच लागायची, की ते माझ्याकडं रागानं बघायचे. पडून राहिलेला माल व्यापाऱ्याला नुसता दिसत नाही, टोचतो.

सोनारीच्या यात्रेआधी बजरंग आणि अयोध्या आले. नवरा-बायको जत्रांतून लहान मुलांना एटीव्हीवर बसवून चकरा मारून आणायचे. चार चाकांची ती दांडगी फटफटी आजवर माणसं लावून पिकअपमध्ये चढवली होती, आता माणसं मिळेनात. अप्पांनी उंची विचारली. बजरंग म्हणाला, पावणेदोन फूट.

त्यानं माप घेतलं होतं ते घरासमोर. तिथं सगळेच पिकअपची मागची चाकं रस्त्याकडेच्या चारीत उतरवून माल चढवतात, म्हणजे मागची बाजू खाली येते. ही गाडी दुकानासमोर सपाट डांबरावर उभी होती. मागची उंची पावणेतीन फुटाला तसूभर कमी नव्हती.

अयोध्या म्हणाली, लांबचाच घेऊ. बजरंगनं तिची चेष्टा केली, “लांबचा घेऊन त्यावर वाळवण घालतीस का? गाडीत मावाय नको व्हय?” खरंच, मी गाडीत एटीव्हीमागं उभा मावत होतो आणि गाडीचा मागचा फाळका बंद होत होता. तिनं अप्पांकडं पाहिलं. अप्पांनी बाहेर गाडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आणि मला चढवायला हात लावला. त्या दिवशी गोष्ट नाही, वाक्य नाही.

यात्रा उलगली, माघारी निघायची वेळ आली. मैदान रोलर फिरवून सपाट केलेलं, चारी कुठंच नव्हती. बजरंग एटीव्हीवर बसूनच ती वर चढवायला लागला. अयोध्येनं माझा पायथा दाबून धरला होता. मध्यावर एटीव्हीची पुढची चाकं उचलली आणि ती तशीच मागं उलटली, त्याच्या अंगावर.

मी वाकलो नाही. माझा एकही जोड सुटला नाही. मजबुतीचा इतका राग मला कधी आला नव्हता.

सोलापूरला दोन महिने काढून बजरंग घरी आला, तो बाजेवरच. कमरेखाली हालचाल नाही. एटीव्ही दवाखान्याच्या बिलात गेली. मी भिंतीला टेकून राहिलो.

आज सकाळी अप्पा आले, गाडीत सात फुटी रॅम्प घालून. पैसे नकोत म्हणाले. अयोध्येनं चहा ठेवला आणि आतूनच विचारलं, “आता चढवायचं काय, अप्पा?”

बजरंग बाजेवरून म्हणाला, “तुमाला लांबूनच उंची कळती. त्या दिवशी बोलला का न्हाय?”

अप्पांनी माझ्याकडं बोट केलं. “कळली व्हती. पण ह्यो लई दिवस पडून व्हता, बजरंग.”

बजरंगनं भिंतीकडं तोंड केलं. अप्पा मला परत न्यायला उठले, तशी अयोध्या दारात आडवी आली. “न्या. पर हितंच कापून न्या. दुसऱ्या कुणाच्या गाडीला लागाय नको.”

अप्पा गाडीतून ग्राइंडर घेऊन आलेत. वायर पुरत नाही म्हणून शेजारी जोडवायर मागायला गेलेत, तेवढाच हा वेळ.

माझं कापणं रास्त आहे, तक्रार नाही. तुम्ही मात्र एक ऐका. बोलका दुकानदार तुमच्यापुढं एकाएकी गप्प झाला, तर पैसे काढू नका. त्याला बोलायला लावा.

अप्पा आले. ग्राइंडर सुरू झाला. बरंय, येतो मी.