बेंबीतून निघालेला काटा

शहराच्या टोकाला, बेसाच्या नव्या फ्लॅटस्कीममागच्या टिनाच्या शेडमध्ये सकाळपासून तान्ह्या लेकरांचं रडणं चाललं होतं. बाहेर चपलांचा खच, आणि पार कोपऱ्यावर मोटारींची रांग. शिकलेली माणसं अशा ठिकाणी मोटार जरा लांब उभी करतात, पण येतात.

आत प्रयागबाई लेकरांच्या पोटात ‘अटकलेलं’ काढत होती. आईनं खाल्लेलं दुधातून लेकराच्या पोटात जातं आणि तिथं रुतून बसतं, हे तिचं शास्त्र. ती बेंबीला तोंड लावायची, गाल आत ओढून चोखायची आणि वाटीत थुंकायची. वाटीत कधी वांग्याचं साल निघायचं, कधी मेथीचं पान. कोणाच्या थुंकीला एवढी माणसं हात जोडताना रांगेत बसलेल्या श्वेतानं आयुष्यात पाहिली नव्हती.

तिच्या मांडीवर तिचं महिन्याचं बाळ होतं. प्यायलं की दूध हातभर लांब उडवायचं आणि लगेच भुकेनं पुन्हा तोंड उघडायचं. आता त्याची टाळू खोल गेली होती, लंगोट कोरडे राहत होते. धंतोलीच्या दवाखान्यातल्या डॉक्टर हर्षा काल म्हणाल्या होत्या, "जठराच्या खालच्या तोंडाशी गाठ हाताला लागते आहे. ताबडतोब भरती करा."

पण सासूबाईंचं, रुखमाबाईंचं निदान त्याआधीच झालं होतं. दोष सुनेच्या जिभेचा. काहीतरी चोरून खाल्लं असणार! तेव्हापासून बाळंतीण वरणाच्या पाण्यावर होती. आणि नवरा गिरिधर? बायको आणि आई यांच्या मधोमध उभं राहून मोबाइल पाहण्यात तो तरबेज होता. "आईचं मन राखू, मंग जाऊ धंतोलीले," एवढंच त्याचं मत.

रांगेत एक बाई श्वेताला खेटून बसली. ही जनाबाई, प्रयागबाईची मदतनीस. आवाज अगदी तुपातला.

"काहून वं बाई, लेकरू लय ओकून राहिलं का? काय खाल्लं होतं तू? मले सांग, मी कोणाले नाई सांगत."

पुढच्या प्रत्येकीच्या कानाशी ती अशीच बसली होती, आणि मग पान द्यायला आत गेली होती. श्वेताचं डोकं फिरलं. तिनं ठोकून दिलं, "मासोळी."

जनाबाई उठली. तोंडात देवीचं पान असल्याशिवाय प्रयागबाईचं काम होत नसे, म्हणून तिला ताजा विडा देऊन आली.

श्वेताची पाळी आली. प्रयागबाईनं डोळे फिरवले. "अवं माय! पाप आहे पाप! सातव्या आतड्यात जाऊन बसलं! आईच्या जिभेनं लेकरू खाल्लं वं!" आतडी मोजायला हिला कोणी शिकवलं होतं, देव जाणे. तिनं बेंबी चोखली. बाळ कळवळलं. आणि वाटीत पडला माशाचा काटा.

"जय माय!" शेड दणाणली.

रुखमाबाई पांढऱ्याफटक पडल्या. गळ्यात तुळशीची माळ; घरात कधी अंडंही शिरलेलं नाही. "बाटवलं वं माह्यं घर! कुठी खाल्ली मासोळी?"

श्वेता उभी राहिली. "तुमीच सांगा आई. बाळंत झाल्यापासून मी घराबाहेर पाय टाकला? माह्यं ताट कोण वाढते? माह्या माहेरचा डबासुदा तुमी उघडून पाहता!"

"पाहतोच तं! मी असताना घरात मासोळी येईनच कशी?"

बोलता बोलता रुखमाबाई थांबल्या. सुनेवर त्यांचा विश्वास नव्हताच, पण स्वतःच्या पहाऱ्यावर पक्का होता. त्या प्रयागबाईकडे वळल्या. "मंग हा काटा आला कुठून?"

"मी हिले खोटं सांगितलं होतं," श्वेतानं जनाबाईकडे बोट दाखवलं. "मासोळी म्हणलं, तं मासोळी निघाली. हत्ती म्हणलं असतं तं?"

जनाबाई पानाचा डबा पदराखाली घ्यायला गेली. रुखमाबाईंनी तो हिसकला आणि सगळ्यांसमोर उघडला. कात-सुपारीच्या खणांत वांग्याची वाळकी सालं, मेथीची पानं, हरभऱ्याची टरफलं आणि माशाचे काटे. विड्यातून गालात, गालातून वाटीत! एवढाच चमत्कार.

"देवीचा कोप होईन!" प्रयागबाई किंचाळली.

"होऊ दे. तिले माह्या घरचा पत्ता दे," रुखमाबाई म्हणाल्या.

मोटारवाले आधी पळाले. दोघीतिघी मात्र तशाच बसून होत्या. "आमचं तं खरंच निघालं होतं," म्हणे! अशा डोळसांपुढे काय बोलावं?

धंतोलीत बाळाला आधी सलाईन लावलं, मग लहानसं ऑपरेशन झालं. डॉक्टर हर्षांनी सांगितलं, "जठरातून आतड्यात जायच्या वाटेवरचा स्नायू जाड झाला होता. दूध पुढं सरकतच नव्हतं. यात आईच्या खाण्याचा काही दोष नाही. अजून उशीर केला असता तर बाळ हाती लागलं नसतं."



आईचं दूध रक्तापासून तयार होतं, ताटातून गाळून येत नाही. बेंबी म्हणजे पोटाचं दारही नव्हे. तान्हं लेकरू दूध जोरानं उडवत असेल, हिरवं ओकत असेल, पोट फुगलं असेल किंवा लंगोट कोरडे राहत असतील, तर सुनेचं तोंड तपासू नका. लेकराला डॉक्टरकडे न्या, आणि वाटेत कुठल्याही शेडपाशी थांबू नका.

दुसऱ्या दिवशी बाळाच्या पोटात दूध टिकलं. दुपारी श्वेताच्या माहेरून डबा आला. रुखमाबाईंनी तो हातात घेतला, झाकणावर बोटं ठेवली, आणि न उघडताच सुनेपुढे सरकवला. "जेव वं," त्या म्हणाल्या. "पोटभर जेव."