कार्डाची चौथी बाजू

मी एक जुनी नागमोडी कात्री आहे. मित्रांनो, नावावरून मला नावे ठेवू नका. मी स्वभावाने वाकडी नाही. माझ्या पात्यांना सरळ धारेऐवजी लाटा आहेत, एवढेच. साधी कात्री कागद कापते आणि मोकळी होते, मी कापलेल्या कागदाला मात्र झालर लागते. ही थोडी बढाई झाली, पण मारू द्या मला. कित्येक वर्षे डब्यात पडून होते, बोलायला कुणी नव्हते.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. मला भट्टीत तापवले, तेलात बुडवले आणि मग एका म्हाताऱ्या कारागिराने कानशीने माझे दाते घासायला घेतले. जीव अगदी नकोसा झाला होता. पण तो माणूस एकेक दात घासून दोन्ही पाती जुळवून बघायचा आणि वरची लाट खालच्या खळग्यात अलगद बसली की स्वतःशीच हसायचा. "जमलं बुवा जोडपं!" असे म्हणून त्याने दोन्ही पात्यांच्या मधला स्क्रू पिळला.

तिथून मी एका स्टेशनरीच्या दुकानात आले आणि काचेच्या कपाटात पेन्सिलींच्या मागे धूळ खात पडले. गिऱ्हाइके मला हातात घ्यायची, हवेत दोनदा कचकच वाजवायची आणि "दिसायला बरी आहे, पण हिचा उपयोग काय?" असे म्हणून परत ठेवायची. एक दिवस एक उंच, सडपातळ गृहस्थ आले. छापखान्यात पुस्तके बांधायचे काम करायचे ते. त्यांच्या नखांत वाळलेली खळ होती. त्यांनी खिशातून कागदाचा तुकडा काढून माझ्या पात्यांनी कापून पाहिला आणि तो उजेडात धरला.

"बायकोसाठी हवीय," ते म्हणाले.

"शिवणकाम करतात का वहिनी?" दुकानदाराने विचारले.

"छे! ती कार्डं करते."

अशी मी त्या घरी आले. घरात तिघे होते. हे बाबा, त्यांची बायको म्हणजे आई, आणि त्यांचा मुलगा बारक्या. पुढे त्याचे डोके दाराच्या चौकटीला लागायला लागले, मिशी आली, लग्न झाले, तरी घरात तो बारक्याच राहिला.

बाबा रोज संध्याकाळी छापखान्यातून जाड रंगीत कागदांच्या कातरणी पिशवी भरून आणायचे. लोकांच्या दृष्टीने तो कचरा होता. आईच्या हातात पडला की त्या कचऱ्याचे सोने व्हायचे. ती सुईच्या बोथट टोकाने कागदावर रेघ ओढायची, रेघेवर घडी घालायची आणि चमच्याच्या पाठीने ती अशी दाबायची की घडी जन्मभर विसरू नये. मग त्या कार्डातून काय काय निघायचे म्हणून सांगू! उघडले की आत घर उभे राहायचे. पट्टी ओढली की खिडकीतून मांजर डोकवायचे. शेजारच्या काकांच्या पायाचे प्लास्टर निघाले तेव्हा तिने त्यांना एक कागदी पाय करून दिला होता. दोरी ओढली की तो लाथ मारायचा. काका महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या पायाची लाथ दाखवत होते.

कार्डाला निमित्त काहीही चालायचे. वाढदिवस, परीक्षा, नवी नोकरी, बारक्याचा पडलेला पहिला दात. सगळ्यांत शेवटी माझा नंबर लागायचा. चारही बाजूंना झालर कापायची असायची. माझे काम दिसते तेवढे सोपे नाही बरे! एक घास कापून झाला की पुढचा घास आधीच्या लाटेत नेमका बसवावा लागतो. जरा हात हलला की लाट तुटते. आईच्या हातून ती कधी तुटली नाही.

त्या घरात एक गमतीची पद्धत होती. ज्याच्यासाठी कार्ड करायचे, त्याला आतल्या खोलीतून बाहेर काढायचे. "तू जरा बाहेर बस, आत यायचं नाही," असे म्हणून दार लावून घ्यायचे. मग मी कर्र कर्र असा आवाज करत कापायला लागायचे. बंद दारातून तो आवाज बाहेर जायचाच. बाहेर बसलेल्याला सगळे कळायचे, पण त्याने मोठ्याने ओरडायचे, "मला काही ऐकू येत नाही!" ते ऐकले की आतले तोंड दाबून हसायचे. बारक्या लहान असताना तर दार लावायच्या आधीच ओरडून मोकळा व्हायचा. बाबा छापखान्यातून थकून यायचे, पण "बाहेर बसा" म्हटले की त्यांचा चेहरा खुलायचा. बाहेर काढले जाणे हा त्या घरात सगळ्यांत मोठा लाड होता. मला तर त्या ओरडण्याची इतकी सवय झाली होती, की ते ऐकल्याशिवाय कापण्यात मजाच यायची नाही.

मग बारक्याचे लग्न झाले. सून आली ती मोठी गुणी होती, पण बुजरी. भांडे घासायलाही आधी विचारायची. तिचा या घरातला पहिला वाढदिवस आला, तेव्हा आईने कितीतरी दिवस आधी ठरवून टाकले होते, की हिचे कार्ड आजवरच्या सगळ्या कार्डांत देखणे व्हायला हवे. निळा जाड कागद बाजूला काढून ठेवला होता. उघडले की आत पायऱ्या, पायऱ्यांवर दार, आणि दारात चार कागदी माणसे. तीन आधीची आणि एक नवे.

त्या दुपारी सून आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. आई तिला म्हणाली, "तू जरा बाहेर बस. आत यायचं नाही." हातातली घडी तशीच ठेवून सून उठली. दार लागले. बाबांनी कागद धरला, बारक्या पाकिटासाठी खळ ढवळायला बसला, आणि आईने मला हातात घेतले.

पहिली बाजू कापून झाली. आम्ही सगळ्यांनी कान टवकारले, पण बाहेरून आवाज आला नाही. दुसरी बाजू झाली. बारक्या आपला हसत होता. तिसरी बाजू झाली तरी बाहेर सामसूम.

"अगं, तिला ही पद्धत कुणी सांगितलीय का?" बाबांनी हळूच विचारले.

"त्यात सांगायचं काय? घरातल्या माणसाला आपोआप कळतं," आई म्हणाली. "आणि सांगितल्यावर त्यात गंमत ती काय राहिली?"

मित्रांनो, मी कात्री, मला काय अक्कल? पण तेव्हासुद्धा मला वाटले, की घरातल्या माणसाला कळते हे खरे, पण आधी कुणीतरी सांगून त्याला घरातले करावे लागते.

आईने दार उघडून पाहिले. बाहेर कुणीच नव्हते. आपल्याला उठवून, दार लावून आत तिघे हसत बसले, हे त्या मुलीच्या जिव्हारी लागले होते. ती सरळ माहेरी निघून गेली होती. दोन दिवसांनी परत आली, पण तोंड मिटून. आईच्या मनातही अढी बसली. 'एवढ्या हौसेने करायला घेतले, आणि ही न सांगता निघून गेली!' विचारायला ही तयार नाही, सांगायला ती तयार नाही. बाबांनी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा आई चहा टाकायला उठून गेली. आणि बारक्या? आपल्या बायकोला हे ठाऊक असणारच, असे तो धरून चालला होता. खळ ढवळण्यापलीकडे त्याने कशात लक्ष घातले नाही.

ते कार्ड तीन बाजू कापलेले तसेच राहिले. आईने ते आणि मला एका पत्र्याच्या डब्यात ठेवले. वर्षभरात बारक्याची बदली झाली आणि दोघे दूरच्या शहरात गेले. जाताना सुनेने वाकून नमस्कार केला, आईने "सुखी राहा" म्हटले, आणि दोघींच्याही डोळ्यांत पाणी होते. पण तेवढ्यावरच सगळे थांबले.

नंतरची वर्षे मी त्या डब्यात काढली. बाबा गेले. कातरणींची पिशवी यायची बंद झाली. माझा स्क्रू गंजला, पाती एकमेकांना चिकटली. डब्यात अंधार असायचा आणि खळीचा जुना वास. बाहेर फोन वाजायचा. "बरी आहेस ना?" "हो, बरी आहे." "भिंगरी काय म्हणते?" भिंगरी म्हणजे नात. एवढे बोलून फोन ठेवला जायचा आणि घर पुन्हा गप्प व्हायचे.

कधीकधी आई डबा उघडायची. मला उचलून नुसती हातात धरायची. कार्डाच्या तीन बाजूंवरून बोट फिरवायची आणि चौथ्या बाजूपाशी थांबायची. मला वाटायचे, काप ना गं बाई एकदाची! पण पुरे झालेले कार्ड द्यावे लागते, आणि ते देण्यासाठी समोर माणूस लागते. ती डबा मिटायची. मला तिच्या हाताची फार फार आठवण यायची. आणि खोटे कशाला बोलू, त्या न आलेल्या आवाजाचीही.

मग एक दिवस सुट्टीत सून आली. बरोबर भिंगरी होती. ही पोर नावाप्रमाणे घरभर फिरत होती. आईला आता कमी ऐकू यायचे, म्हणून बोलणारी माणसे जवळ येऊन मोठ्याने बोलायची. मला डब्यातूनही सगळे स्वच्छ ऐकू आले.

"आई, ती लाटांची कात्री अजून आहे का हो?" सुनेने विचारले.

"कात्री? तुला कशी आठवली?"

"मागच्या आठवड्यात या भिंगरीनं मला खोलीतून हाकललं. म्हणाली, आई, तू बाहेर जा, बघायचं नाही. तिला माझ्यासाठी कार्ड करायचं होतं. मी बाहेर आले, तर तुमचा मुलगा पेपर वाचत होता. मला म्हणतो कसा, 'आता ओरड, मला काही ऐकू येत नाही!' मी म्हटलं, म्हणजे काय? तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. वर मलाच विचारतो, 'तुला माहीत नव्हतं?'"

"गधडा कुठला!" आई म्हणाली आणि खाली बसली. मग तिचा आवाज अगदी बारीक झाला. "त्याला कशाला बोलू? मीच सांगायला हवं होतं गं. घरातल्या माणसाला कळतं म्हणाले आणि तुला दाराबाहेर बसवलं."

"मी तरी कुठं विचारलं? मला वाटलं, मी परकी म्हणून दार लावलंत."

"अगं, तुझंच तर चाललं होतं आत!"

डबा उघडला. एवढा उजेड अंगावर आला की मी चमकले असते, पण गंजामुळे ते जमले नाही. सुनेने निळे कार्ड उघडले. पायऱ्या उभ्या राहिल्या, दार उभे राहिले, दारातली चार माणसेही उभी राहिली. घड्या काही विसरल्या नव्हत्या. बाबांच्या कागदी बाहुलीवर तिने हळूच बोट टेकवले आणि ती रडू लागली.

"एक बाजू राहिलीय," आई म्हणाली.

सुनेने डोळे पुसले. शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब माझ्या स्क्रूवर सोडला, मला फडक्याने पुसले आणि आईच्या हातात दिले. मग तिने ते केले, जे मी कधी विसरणार नाही. ती उठली, आपल्या पायांनी खोलीबाहेर गेली आणि जाताना तिनेच दार ओढून घेतले.

भिंगरीने कागद धरला. आईने मला बोटांत बसवले. मी तोंड उघडले, कुरकुरले, आणि कर्र असा पहिला घास घेतला. आई थांबली. त्या दिवशीसारखीच दाराकडे बघत राहिली. बाहेरून अस्पष्ट, रडवेला आवाज आला. मला ऐकू आला, पण आईला नाही. तिचा चेहरा उतरला. मला माणसांसारखा आवाज असता तर मी तिला ओरडून सांगितले असते.

भिंगरीने दाराशी तोंड नेले. "आई, मोठ्यानं! आजीपर्यंत येतच नाहीये!"

आणि मग दाराबाहेरून असा आवाज आला, की शेजारच्या घरातली माणसे खिडकीत आली असतील.

"मला काही ऐकू येत नाही!"

आई हसली. हसता हसता तिचे डोळे वाहू लागले, हात हलला, आणि त्या घरात पहिल्यांदाच माझी लाट तुटली.

"आजी, ही चुकली," भिंगरी म्हणाली.

"असू दे," आई म्हणाली आणि पुढे कापत राहिली.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी जुनी कात्री असेल, तर तिला ओल्या हाताने धरू नका. अधूनमधून तेलाचा थेंब द्या. आणि घरात नवे माणूस आले, तर दार खुशाल लावून घ्या, पण लावण्याआधी त्याच्या कानात एवढे सांगा, की आत तुझेच काम चालले आहे.