अंगठ्यावरचा रंग

"दीड हजार," साहेबांनी आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. "मोजणीबाई, तुमच्या कासवांनी कमाल केली."

मोजणीबाई उभ्याच होत्या. तळ्याकाठच्या या दोन खोल्यांच्या कचेरीत बावीस वर्षं कासवं मोजता मोजता त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. उजवा अंगठा त्यांनी मुठीत दडवला, काढला, पुन्हा दडवला.

"साहेब, मागच्या साली अडीचशे होती."

"मग वाढली. खायला भरपूर आहे, वाढायला काय जातंय?"

"कासवं आहेत ती, उंदीर नव्हेत. मादी आठ-दहा वर्षांची होईस्तोवर अंडंच घालत नाही. घातली वीस, तर निम्मी मुंगसाच्या पोटात. उरलेल्यांतलं एखादं मोठं होतं. आणि तळं आहे तेवढंच आहे. पोसणार तरी किती?"

साहेब हसले. नवीन होते, स्वभावानं चांगले होते, पण घाईत होते. अहवाल पाचला वर जायचा होता. आकडा हजाराच्या वर असेल तर अर्धं तळं बुजवून गाड्या उभ्या करायला जागा करायची, असं वरून ठरलं होतं. घड्याळात सव्वाचार झाले होते.

बाई दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. खिडकीची कडी उगाच लावली, उगाच काढली.

मोजणीची रीत साधी. साठ कासवं पकडायची, पाठीवर खूण करून सोडून द्यायची. पंधरा दिवसांनी पन्नास पकडायची आणि त्यांत खुणेची किती ते बघायचं. खुणेची बरीच निघाली तर तळ्यात कासवं थोडी, क्वचित निघाली तर पुष्कळ. या खेपेला निघाली दोन.

"तुम्हाला काही सांगायचंय का?" साहेबांनी पेन खाली ठेवलं.

बाईंनी अंगठा टेबलावर ठेवला. नखाच्या कोपऱ्यात, मोहरीएवढा, लाल रंग.

"कचेरीचा रंग डब्यातच वाळून दगड झाला होता. नवा मागवला, तो काही आला नाही. मोजणीचा दिवस तर पुढे ढकलता येत नाही. लेक नोकरीला गेली तेव्हा तिची नेलपॉलिशची बाटली फळीवर राहिली होती, ती घेऊन आले." त्या थांबल्या. "घरी असताना नवी बाटली आणली की ती आधी माझा अंगठा रंगवायची. आईच्या हाताला शोभला तर माझ्या हाताला शोभेल, म्हणायची. त्या सवयीनं कासवांच्या आधी माझाच अंगठा रंगवला."

"बरं, मग?"

"तीन आठवडे भांडी घासली, धुणी धुतली. एवढाच राहिला. कासवांची पाठ तर दिवसभर पाण्यात, चिखलात. खुणा धुऊन गेल्या, साहेब. जुनीच कासवं आपण नवी म्हणून धरली."

साहेब त्या नखाकडे बघत राहिले. "दुसरी मोजणी होऊन आठवडा झाला. तेव्हाच का नाही बोललात?"

बाईंनी उत्तरादाखल बरंच काही मनाशी जुळवून आणलं होतं. ते सगळं बाजूला राहिलं.

"आकडा बघून हरखून गेले होते. बावीस वर्षं कमी होतानाच बघत आले. म्हटलं, असेलही."

बाहेर कुणीतरी गाडी चालू केली, बंद केली.

"हे लिहून द्यावं लागेल," साहेब हळू आवाजात म्हणाले. "आणि तुमची नेमणूक वर्षावर्षाची. वरचे लोक विचारतील. पुढची मोजणी बहुतेक दुसऱ्या कुणाकडे जाईल. कळतंय ना?"

"कळतंय. त्याला सांगा, कानशीनं कवचाच्या कडेला बारीक खाच पाड. रंगाचा भरवसा नाही."

त्यांनी लिहून दिलं. अक्षर नेहमीसारखंच गोल आलं. साहेबांनी दीड हजारावर काट मारली आणि शेजारी लिहिलं, मोजणी पुन्हा घ्यावी.

संध्याकाळी लेकीचा फोन आला तेव्हा बाई भांड्यांपाशी होत्या. मान वाकडी करून त्यांनी तो खांद्याशी धरला.

"आई, माझी लाल बाटली तिथेच राहिली गं. वाळली असेल ना? टाकून दे."

"तळाशी आहे थोडी. राहू दे."

"काय करतेयस?"

"काही नाही. भांडी."

पातेल्यात त्यांनी चारच बोटं बुडवली होती. अंगठा पाण्याबाहेर होता.