पत्र्याच्या खोक्यावरचा आळ

मित्रांनो, संगणक म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर आधी पडदा येतो, मग कळफलक, मग माउस. मी कुणालाच आठवत नाही. मी जुना पॉवर सप्लाय आहे. संगणकाच्या डब्यात मागच्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात बसणारा पत्र्याचा चौकोनी खोका. भिंतीतून येणारी वीज मी आत घेतो, तिचा जोर कमी करतो आणि ज्याला जेवढी सोसेल तेवढी वाटून देतो. माझ्या पोटातून रंगीत तारांचा जुडगा निघतो आणि पाठीशी एक पंखा फिरतो. त्याची घरघर हाच माझा आवाज.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट आठवत नाही. लांबलचक टेबल होतं, ओळीने बायका बसल्या होत्या, एकीने माझ्या तारा जोडल्या आणि दुसरीने झाकण लावलं, एवढंच आठवतं. २००२ साली मी गोंदियाच्या एका दुकानात आलो. दुकान छोटेलाल बिसेनचं. तिथे त्याचा आयटीआयमधला दोस्त रत्नपाल मेश्राम आला आणि छोटेलालने त्याच्यासाठी एक संगणक जोडला. त्यात मी बसलो. त्याच दिवशी एसटीच्या मागच्या सीटवर, रत्नपालच्या मांडीवरून, मी गोंदियाजवळच्या गोरेगावला पोचलो.

एसटी स्टँडसमोर रत्नपालने टायपिंग सेंटर उघडलं होतं. त्याची बायको साक्षी त्याच्याहून भराभर टाइप करायची. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका असं सगळं काम आमच्याकडे यायचं. बाजाराच्या दिवशी तर बाकावर बसायला जागा नसायची.

उन्हाळ्यात गोरेगावची वीज फार छळायची. कधी पंखा रांगायचा, कधी दिवा एकदम भडकायचा. मी सगळं पोटात घेत असे. २००६ च्या मे महिन्यात एका दुपारी तर विजेचा असा लोंढा आला, की शेजारच्या हॉटेलातला टीव्ही फुटला आणि आमच्या खोलीतली ट्यूब काळी पडली. माझा फ्यूज जळाला, पण पुढे मी काहीही जाऊ दिलं नाही. मदरबोर्ड वाचला, हार्डडिस्क वाचली. रत्नपालने मला उघडून नवा फ्यूज लावला आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"साक्षी, यानं स्वतः जळून साऱ्याले वाचवलं," तो म्हणाला.

पुढे कितीतरी दिवस तो येईल त्याला ही हकिकत सांगायचा. दर शनिवारी माझ्या पंख्यावरची धूळ तो दाढीच्या जुन्या ब्रशने काढायचा. मित्रांनो, मला वाटायचं, या माणसाइतकं मला कुणीच ओळखत नाही.

२००९ मध्ये बकाराम कापगते गुरुजी आमच्याकडे येऊ लागले. निवृत्त शिक्षक, धोतर नेसणारे, डोळ्यांना जाड चष्मा. चाळीस वर्षं गावोगाव हिंडून त्यांनी आमच्या धानपट्ट्यातल्या झाडीबोलीतले शब्द गोळा केले होते. बांधी म्हणजे धानाचं शेत, बोडी म्हणजे लहान तळं, रोवणा म्हणजे धानाची लावणी, पुंजना म्हणजे कापलेल्या धानाची रास... सतरा वह्या भरल्या होत्या. त्याचा कोश करायचा होता. गुरुजी वाचायचे आणि साक्षी टाइप करायची. एखादा शब्द आला की गुरुजी तो कुणाकडून ऐकला तेही सांगायचे. कधी एखाद्या रोवणाऱ्या बाईकडून, कधी तलावाच्या पाळीवर मासे धरत बसलेल्या ढिवराकडून. त्यांची नजर दिवसेंदिवस मंदावत चालली होती. माघात बोलीचं संमेलन होतं आणि कोश त्या संमेलनात हाती असावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

पण फाइल मोठी झाली तसा संगणक रेंगाळू लागला. मग दिवाळीनंतर रत्नपालने जुना मदरबोर्ड काढून नवा बसवायचं ठरवलं. छोटेलाल नवा बोर्ड घेऊन आला. परतीची बस गाठायची म्हणून तो घाईत होता.

संगणकाच्या डब्याच्या पत्र्यावर पितळी खुंट्या असतात. बोर्ड त्यांच्यावर टेकतो, म्हणजे त्याची पाठ पत्र्याला लागत नाही. जुन्या बोर्डाला नऊ खुंट्या लागत होत्या, नव्याला आठच भोकं होती. नववी खुंटी काढायला हवी होती. छोटेलालने ती काढली नाही. बोर्ड तिच्यावरच बसवला आणि स्क्रू आवळले. मी वरच्या कोपऱ्यातून ते पाहिलं. पाहून काय करणार?

माझ्या तारांचा मोठा जोड वीस पिनांचा होता आणि नव्या बोर्डाला चोवीस भोकं होती. "चार खाली रहेंगे, चलता है," छोटेलाल म्हणाला. ते खरंच चालतं. पण बटण दाबल्यावर पंखे फिरले, पडदा मात्र काळाच राहिला. त्याने रॅमची पट्टी काढून खोडरबराने घासली, परत बसवली. तरी काळाच. शेवटी साक्षीनेच विचारलं, "भाऊ, हा चार तारांचा चौकोनी जोड लोंबकळूनच राहिला ना?" तो लावल्याबरोबर पडदा उजळला. सगळे हसले. छोटेलाल बसकडे धावला.

दोन तासांनी संगणक अचानक बंद पडला.

मित्रांनो, झालं होतं ते असं. यंत्र गार असताना बोर्डाची पाठ त्या जास्तीच्या खुंटीला लागत नव्हती. तापलं की बोर्ड किंचित वाकायचा आणि मागचा एक जोड खुंटीला टेकायचा. मग धानाच्या बांधीचा धुरा, म्हणजे बांध, फुटून पाणी भलतीकडेच पळावं, तशी माझी वीज पत्र्यात पळायची. अशा वेळी मी थांबलो नाही तर बोर्ड जळतो. म्हणून मी थांबायचो. थांबणं हेच माझं काम होतं.

तीन दिवस हेच चाललं. साक्षी टाइप करायची, मी थांबायचो, जतन न केलेलं पान जायचं. तिसऱ्या दिवशी फाइलच उघडेना. सीडीवर जुनी प्रत होती, पण शेवटची साठ पानं गेली. गुरुजी सोळावी वही उघडून ती डोळ्यांच्या अगदी जवळ धरून बसले.

रत्नपालने छोटेलालला फोन लावला. फोनचा आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू आलं.

"अरे भाई, एसएमपीएस गया तुम्हारा," छोटेलाल म्हणाला. एसएमपीएस म्हणजे मी. "सात-आठ साल पुराना माल है. बदलून टाक."

मला वाटलं, रत्नपाल आता म्हणेल की नाही, याला मी ओळखतो. एकदा बोर्ड काढून पाहू. पण त्याने फोन ठेवला आणि साक्षीकडे वळला.

"हाच दगा देऊन राहिला. गुरुजींची साठ पानं यानंच खाल्ली."

असं तो गुरुजींसमोर आणि बाकावरच्या चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला. त्याने माझे चार स्क्रू काढले, तारा ओढून घेतल्या आणि मला टेबलाखालच्या पोत्यात टाकलं. मला बाहेर काढल्याचं दुःख नव्हतं, वय झालं की सगळेच बाहेर पडतात. पण त्याने मला एकदा तपासूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या जागी नवा, हलका, चकचकीत सप्लाय आला. पहिले दोन तास सगळं छान चाललं. रत्नपाल म्हणाला, "पाह्यलं? त्याचाच दोष होता." तेवढ्यात बोर्ड तापला, वाकला आणि खुंटीला टेकला. नव्या सप्लायला थांबायची समज नव्हती. तो वीज लोटतच राहिला. करपल्याचा वास आला, डब्याच्या फटीतून धूर निघाला. साक्षीने धावत जाऊन भिंतीतला प्लग उपटला.

गुरुजींनी वहीतून मान वर केली.

"रत्नपाल, तू त्याले काढलं कायले? खोलून पाह्यलं होतं का?"

"नाही गुरुजी. छोटेलाल म्हणे..."

"माह्या वर्गात तसबीर फुटली होती. पोरं म्हणाली, देवचंदनं फोडली. मी त्याले छडी मारली. मांजरीनं फोडली होती, ते मले दुसऱ्या रोजी समजलं. देवचंद मंग शाळेतच आला नाही." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "तुमी आधी खोलून पाहा."

साक्षीने मला पोत्यातून काढलं. माझी हिरवी तार आणि काळी तार तिने तारेच्या तुकड्याने जोडली आणि प्लग लावला; असं केलं की मी बोर्डाशिवायही सुरू होतो. मित्रांनो, तुम्ही असं कधी करू नका, विजेशी खेळ नको. पण तिला ते येत होतं. माझा पंखा सुरू झाला. दहा मिनिटं झाली, वीस झाली, मी फिरतच होतो.

"हा तर चांगला आहे हो," साक्षी हळूच म्हणाली.

मग तिने बोर्ड उचलला. त्याच्या पाठीवर काळा डाग होता आणि डागाच्या बरोबर खाली ती नववी खुंटी. रत्नपालने ती पिळून काढली आणि चिमटीत धरून डागाशी लावून पाहिली.

छोटेलाल आला, त्याने खुंटी पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. "मेरेसे रह गया, यार," तो म्हणाला. पुढच्या आठवड्यात त्याने दुसरा बोर्ड आणून आठच खुंट्यांवर नीट बसवला. मला माझ्या जागी परत लावलं. काम सुरू झालं. पण गेलेली पानं परत करेपर्यंत माघातलं संमेलन निघून गेलं. गुरुजींना स्वतःचं अक्षरही दिसेनासं झालं होतं आणि ते दुसऱ्या कुणाला लागत नव्हतं. ती साठ पानं त्यांनी आठवून आठवून सांगितली. काही शब्द राहिले ते राहिलेच.

एप्रिलमध्ये कोश छापून आला. सेंटरसमोर मांडव घातला, खुर्च्या मांडल्या. आतल्या खोलीत मी चालू होतो, पडद्यावर कोशाचं मुखपृष्ठ झळकत होतं आणि दार उघडं होतं. पहिल्या रांगेत छोटेलाल बसला होता. रत्नपाल बोलायला उभा राहिला.

"हे पुस्तक माघातच यायचं होतं," तो म्हणाला. मग त्याची नजर छोटेलालकडे गेली आणि तो अडखळला. "पण का करता, आमच्या संगणकाचा पॉवर सप्लाय खराब झाला. त्यानं उशीर झाला."

लोकांनी मान डोलावली. छोटेलालने खाली पाहिलं आणि मग सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

पाहुणे गेल्यावर साक्षी रत्नपालजवळ आली.

"छोटेलालभाऊचं नाव नव्हतं घ्यायचं, तर नसतं घेतलं. चूक झाली म्हणायचं. त्या खोक्याले तोंड नाही म्हणून त्याच्यावर टाकलं ना?"

रत्नपालने आत येऊन बटण दाबलं आणि मला बंद केलं.

पुढे तीन वर्षं मी त्याच डब्यात राबलो, एकदाही बंद न पडता. आता मांडणीवर पडून आहे. मित्रांनो, पहिल्यांदा तो मला दोषी म्हणाला तेव्हा त्याला खरं माहीत नव्हतं, ते मी कधीच विसरून गेलो. दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. ते मात्र जात नाही. तुमच्या घरात काही बिघडलं तर आधी उजेड धरून आत पाहा, मग बोट दाखवा. आणि चार लोकांत आळ घेतला असेल, तर खरं कळल्यावर चार लोकांतच सांगा. ज्याला बोलता येत नाही, त्याच्या वतीने तेवढं बोला.