सड्यावरची वाट

दमयंतीनं कोयतीच्या टोकानं करवंदीच्या जाळीतून तो डायपर ओढून काढला आणि तोंड फिरवून थुंकली. रात्रभरच्या दवानं तो फुगून भाकरीएवढा झाला होता. पोत्याचं तोंड तिनं पायानं फाकवलं, कोयतीनं ती घाण आत लोटली आणि कोयती कातळावर घासघासून पुसली. उद्या दुपारी याच वाटेनं गावाची पालखी जायची होती.

शिमग्यात पालखी घरोघर फिरते आणि तिला खांदा देणारे सगळे अनवाणी चालतात. म्हणून पालखीच्या वाटेचा एकेक टप्पा एकेका घराकडे दिलेला. ज्याचा टप्पा त्याच्या घरच्या माणसानंच साफ करायचा, दुसऱ्यानं त्यात झाडू घालायचा नाही. दमयंतीच्या घराकडे सड्यावरचा टप्पा होता, गावाच्या माथ्यावरच्या उघड्या सपाट कातळावरचा. सासूच्या काळात तिथलं गवत कापलं, खडे वेचले की काम संपत असे. आता दर शनिवारी मोठ्या चाकांच्या जीपगाड्या सड्यावर चढत, खाचखळग्यांतून उड्या मारत, रात्री तंबू ठोकून धिंगाणा घालत आणि सकाळी मागं उकिरडा सोडून जात.

आणि उकिरडा तरी कसला! फोडलेल्या बाटल्या, फॉइलच्या डब्यांत आंबलेला भात, त्यावर बसलेल्या हिरव्या माश्या. गुरांच्या तळीवर काळ्या ऑइलचा तवंग. प्रत्येक झुडपामागं पांढरा कागद, आणि कागदाखाली काय ते सांगायला नको. हीच माणसं शहरात म्हणे कुत्र्याची शीसुद्धा पिशवीत भरून घरी नेतात. इथं आल्यावर त्यांना कुत्र्याइतकीही रीत राहत नाही. दमयंतीला ओकारी येत होती, आणि ओकारीपेक्षा संताप जास्त होता.

शेजारची काशी आपला टप्पा उरकून बांधावर पान चघळत बसली होती.

“तुज्या हर्षदाचीच पावणी ना गो ही?” तिनं विचारलं.

मुंबईची नोकरी सोडून आल्यापासून हर्षद अशाच गाड्यांना रानवाटा दाखवायचं काम करत होता. दमयंतीचा एकुलता एक मुलगा. उद्या पहिल्यांदाच तो पालखीच्या खांद्याला लागणार होता.

“त्याची नव्हंत,” दमयंती म्हणाली. “त्याची लोकं शिस्तीतली. आपला कचरा आपण नेतात. ही घाटावरची दुसरीच कोण तरी.”

“तू बगलंस?”

“त्यानं सांगितलान.”

“मग झालं,” काशी म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून हसली.

उकिडवी बसून दमयंती कातळाच्या भेगेतून काचा वेचू लागली. बोटभर लांबीची एक काच उभी रुतून बसली होती. ती हर्षदच्या तळव्यात घुसली असती, असं मनात येऊन तिनं ती हलवून हलवून मुळापासून उपटली.

तेवढ्यात खालून गुरगुरत एक जीप वर आली. तिच्यातून तिशीतला एक मुलगा उतरला. चेहरा सभ्य.

“नमस्कार मावशी, मी ऋत्विक. काल मुक्कामाला होतो, घडीची खुर्ची विसरली इथं. बघितलीत का?”

तिनं कोयतीनं झुडपाकडं बोट दाखवलं. खुर्ची त्यानं गाडीत टाकली. मग आठवण झाल्यासारखं करून मागच्या सीटवरून एक गच्च भरलेली काळी पिशवी काढली आणि अगदी जपून तिच्या पोत्याशेजारी ठेवली.

“ही गाडीतच राहिली होती. एवढी घ्या हं.”

दमयंती ताडकन उभी राहिली.

“उचल ती! लाज नाय वाटत? माणसं अनवानी चालतात हितनं. देव जातो हितनं. खायचं, प्यायचं, हगायचं, नि आमच्या दारात टाकून जायचं? आयशीनं शिकवलंन काय हेच तुला?”

ऋत्विकचा चेहरा लाल झाला. तरी आवाज त्यानं चढवला नाही.

“अहो मावशी, आम्ही पहिल्यांदा सगळं भरतच होतो. हर्षदच म्हणाला, ठेवा तसंच, कचऱ्याला बाई लावलीय, सकाळी येऊन उचलते. पॅकेजमध्येच आहे ते. तेव्हापासून आम्ही दर वेळी तसंच ठेवतो.” त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग पोत्याकडं. “त्या बाई तुम्हीच ना? हर्षद फार कौतुक करतो तुमचं. म्हणतो, तिला सांगावंसुद्धा लागत नाही.”

बांधावर काशीचं पान चघळणं थांबलं.

दमयंतीच्या हातातली कोयती खाली आली. सकाळपासून जी घाण ती नाकापासून लांब धरत होती, ती एकदम घशात उतरल्यासारखं तिला झालं. एवढी शिसारी तिला त्या डायपरचीही आली नव्हती.

“व्हय,” ती म्हणाली. “मीच ती बाई.”

ऋत्विकला काय चुकलं ते कळलं नाही, पण काहीतरी चुकलं एवढं कळलं. त्यानं पिशवी पुन्हा गाडीत ठेवली, आसपासचे चारदोन पेले वेचले, सॉरी मावशी म्हणाला आणि निघून गेला.

काशी उठून जवळ आली. आता ही काय बोलते याची दमयंती वाट पाहत राहिली. काशी हसली असती, टोमणा मारला असता तरी चाललं असतं.

“ऊन झालं गो,” काशी एवढंच म्हणाली आणि आपल्या वाटेनं उतरून गेली.

दमयंती मात्र उतरली नाही. खांदा देणाऱ्या बाकीच्या पोरांचा काय दोष? दुपार कलेपर्यंत तिनं भेग नि भेग धुंडाळली, शेवटी तळहात फिरवून कातळ चाचपला, आणि मग भरलेली दोन पोती ओढत घरी आणली.

हर्षद जेवत होता. आईला पाहून त्यानं पाट सरकवून जागा केली.

“आये, झाली ना वाट? किती राबतंस गो तू.”

तिनं हात धुतले. परत धुतले. मग त्याच्या ताटात आमटी वाढत विचारलं,

“काल सड्यावर होती ती गाडी तुजी?”

“नाय गो. बाहेरची ती. माझी लोकं तसली नाहीत.”

त्याचा घास अडला नाही, नजरही हलली नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. चावून घ्यायचं तरी कुणाला? दमयंतीनं त्याला आणखी भात वाढला आणि स्वतः न जेवता उठली.

संध्याकाळी सगळा गाव सहाणेवर जमला. पालखी फुलांनी मढवून सहाणेच्या दगडी चौथऱ्यावर ठेवली होती. निघायच्या आदल्या दिवशी वाटेची विचारणी होते. गावकीचा प्रमुख, गावकर भागोजी, एकेका घराचं नाव घेतो आणि त्या घरच्या पुरुषानं देवासमोर उभं राहून उत्तर द्यायचं. वाट झाली नसेल तर पालखी त्या टप्प्यावरून जात नाही आणि त्या घरीही जात नाही. तसं कुणाच्या नशिबी आल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. बायका बाजूला उभ्या राहून ऐकतात, बोलत नाहीत.

घरं पुढं सरकत होती. झाली महाराजा, झाली महाराजा.

भागोजीनं दमयंतीच्या घराचं नाव घेतलं. नवंकोरं धोतर नेसलेला हर्षद पुढं झाला.

“वाट झाली?”

“झाली महाराजा.”

“नाय झाली.”

ढोलावर रेंगाळणारे हात थांबले. आवाज बायकांतून आला होता. दमयंती पुढं आली नव्हती, जागच्या जागी उभी राहूनच ती बोलली होती. शेजारी काशीनं तिचा हात धरून ठेवला होता, पण मागं ओढला नाही.

“वयनी, असं काय बोलतंस?” भागोजी चक्रावला. “मगाशीच मी सोता सडा बगून आलोय. काडी नाय राह्यली वाटेत. दिवसभर तूच होतीस ना तिथं?”

“मी कुठं होते?” दमयंती म्हणाली. “तिथं बाई होती. यानं ठेवलेली. आमच्या घरचं कोण गेलं होतं साफ करायला, तेवढं याला इचारा.”

हर्षदनं आईकडं पाहिलं. मग त्याची नजर पालखीकडं गेली आणि तिथून खाली जमिनीवर आली. बायकांमधली कुजबुज वाढत जाऊन आपोआप विरली.

भागोजीनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. मग खाकरून त्यानं आवाज मोकळा केला.

“हर्षदा,” तो म्हणाला, “देवासमोर उभा हायस. वाट झाली?”