उरलेला किरण

सासऱ्यांच्या प्रयोगशाळेत सूनबाईला पगार होता, हुद्दा होता, मत नव्हते. तांब्याच्या भुकटीतून केसाएवढी बारीक चक्रे घडवायची, हे तिथले काम. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण तांबे आरशासारखे परतवून लावते. म्हणून तो तापवलेल्या स्फटिकातून न्यायचा. तिथे त्याची तरंगलांबी निम्मी होते, तो हिरवा होतो, सुईच्या टोकाहून लहान ठिपक्यात मावतो, आणि तांबे त्याला मुकाट गिळून कणाला कण सांधते. स्फटिकातून न बदलता निसटलेला अवरक्त किरण बाजूला काढायला पुढे एक आरसा असे.

तो आरसा थोडे हिरवेही खातो, म्हणून पाहुण्यांना चक्र दाखवायच्या आधी सासऱ्यांनी तो काढून टाकला. सांगितले कुणालाच नाही. थोर माणसे घरच्यांना खुलासे देत नसतात.

त्या सकाळी स्फटिक थंड होता, किरण न बदलताच पुढे जात होता आणि हिरवे दिसत नव्हते. किरण बंद आहे असे समजून ती भुकटीवर वाकली. तिचा नारिंगी चष्मा फक्त हिरवे अडवणारा. दुखले काहीच नाही. उजव्या डोळ्याच्या मधोमध एक काळा डाग बसला, आणि ती जिकडे पाही नेमके तेच गिळू लागला. डॉक्टर म्हणाले, हा आता जन्माचा सोबती.

सासऱ्यांनी जेवता जेवता निकाल दिला. "हिरवं नव्हतं म्हणजे किरण नव्हताच. नाचता येईना, अंगण वाकडं." नवऱ्याने मान खाली घालून आणखी वाढून घेतले. आरशाची रिकामी जागा तिने दाखवली, तेव्हा पाहुणे येऊन जाईपर्यंत तोंड उघडायचे नाही, असे तिला बजावण्यात आले. आरसा पेटीतच राहिला.

पाहुणे आले, काचेपलीकडे दाटीवाटीने उभे राहिले. ऐन मोक्याला हिरवे विझले; स्फटिकाची भट्टी पुन्हा थंडावली होती. किरण बंद करायचे बटण सूनबाईच्या बोटाखाली होते. सासऱ्यांनी पाहुण्यांकडे पाहून, नाजूक चीज आहे, जरा रुसते, असा विनोद केला, तसलाच नारिंगी चष्मा सारखा केला आणि भुकटीवर वाकता वाकता विचारले, "सूनबाई, बंद आहे ना?"

तिने चांगला डोळा मिटला. डागाने त्यांचे डोके अलगद पुसून टाकले. खाली नुसता इस्त्रीचा कोट उरला.

"हिरवं दिसत नाही, बाबा," ती म्हणाली, आणि बटण न दाबताच तिने बोट उचलून घेतले.